फक्त काटा

सावद्याला, पाइपांच्या दुकानावरच्या खोलीत आमचं ऑफिस.
दोन टेबलं, एक कूलर,
आणि भिंतीवर मीच मार्करनं काढलेले चौकोन:
काटा. बिल. चेंबर. गॅस. मेसेज.
प्रत्येक सुटा. मधे भरपूर पांढरी भिंत.
गिऱ्हाईक आलं की मी त्या पांढऱ्यावर बोट ठेवायची.

निंबा झोपे आले तेव्हाही ठेवलं.
भावाभावांची वाटणी झालेली.
केळी पिकवायच्या खोल्या यांच्याकडे,
यावल रोडचा भुईकाटा धाकट्या सुपडूकडे.
"त्याले फक्त काटाच पायजे," म्हणाले, "बाकी कायबी नही."
अर्ध्या दिवसाचं काम, मी म्हटलं.
चहासुद्धा आला नव्हता अजून.

नियम तर आम्ही पाळले होते.
कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही.
लागेल ती वस्तू आपण घडवायची नाही,
दारात उभं राहून नुसतं नाव घ्यायचं:
मला बिल हवं, मला घड्याळ हवं.
आणि कंटेनर, तो न थकणारा कारभारी,
आणून हातात ठेवायचा.
कुठून आणलं, ते विचारायचं नाही.

नाही विचारलं.
चार वर्षं, रोज दीडशे ट्रक मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये
एवढंच कुणी मोजलं नाही.

काट्याची फाइल उघडली. कन्स्ट्रक्टरच्या कंसात
चौदा नावं,
स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर गेलेली.
काट्याला बिल लागतं, समजू शकते.
बिलाला दर. दराला मेसेज.
मेसेजला, का ते मलाच आठवेना, चेंबरचं तापमान.
आणि चेंबरला, आत किती माल आहे ते कळावं म्हणून,
काटा.
तिथं हेमराजनं 'लेझी' एवढा एक शब्द लिहून
गाठ उशीखाली सरकवलेली.

चौदावं नाव माझं.
तारीख आखाजीच्या आदल्या दिवसाची.
चोपड्याची बस पकडायची होती,
आणि एका ओळीत भागत होतं.

चेंबर काढून टाकला.
कंपाइल झालं, एकही लाल रेघ नाही.
मी हेमराजकडे बघून हसलेसुद्धा.
पहिला ट्रक काट्यावर चढवला, खोटाच, चाचणीचा,
आणि काटा म्हणाला: चेंबर सापडत नाही.
साडेनऊ टन केळी हवेत तशीच.

भिंतीकडे पाहिलं.
चौकोन खरे होते, पण बाण कुठे होते?
बाण सगळे एका फाइलीत होते, अकराशे ओळींच्या,
जिला सगळे ओळखत होते
आणि जिचा चौकोन मी काढलाच नव्हता.

तिसऱ्या रात्री निंबाभाऊंचा फोन.
मी म्हटलं, जरा गुंतलंय, सुटत नाहीये.
रागावतील वाटलं. ते म्हणाले,
"आमची तरी कुठी सुटली, ताई?
इहीर एकच हाये अजून.
मोटार त्याच्या नावावर, मीटर माह्या."
आणि इतके हसले की खोकला लागला.

शेवटी मी काय केलं, ते भिंतीवर लिहिणार नाही.
एक खोटा चेंबर बनवला. बारा ओळींचा.
भिंती नाहीत, गॅस नाही, केळीची एक फणी नाही.
तापमान विचारलं की तो सांगतो, सोळा.
दार? बंद आहे.
काही अडचण? नाही.
कारभाऱ्यानं तो बिनतक्रार उचलला
आणि चेंबर म्हणून काट्याच्या हातात दिला.

सुपडूभाऊ खूश आहेत. पावती दोन सेकंदांत निघते.
वैशाखात यावल रोडवर डांबर टायरला चिकटतं,
ट्रक काट्यावर चढतो,
आणि वजन उमटण्याआधी, दर खेपेला,
कुठेच नसलेल्या एका खोलीतून उत्तर येतं:
सोळा अंश. सगळं ठीक.

भिंत अजून पुसलेली नाही.
काल एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, फैजपूरचं.
बोट उचललं, आणि
म्हटलं, आधी चहा घ्या.